जुन्या गाडीत गाणी, पण गाडीला धक्का न लावता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, डुक्कर फियाट, अँबेसेडर, हेराल्ड किंवा जुनी जीप जपणाऱ्यांकडून, गाडीत बदल न करता गाणी ऐकायची सिस्टीम कशी बसवायची याबद्दल, हे प्रश्न सतत येतात. उदाहरणं बहुतेक फियाट-पद्मिनीची आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या याच गाड्या आपल्याकडच्या घरांत सर्वात जास्त उरल्या आहेत. पण वायरिंगचे आणि जागेचे नियम इतर गाड्यांनाही तेवढेच लागू पडतात.

“गाडीत बदल न करता” म्हणजे नेमकं काय? वायर तर ओढावीच लागणार ना?

वायर ओढायला हरकत नाही. माझी कसोटी साधी आहे. सगळी सिस्टीम तासाभरात, फक्त पाना आणि स्क्रू ड्रायव्हर वापरून निघाली पाहिजे, आणि ती निघाल्यावर जाणकार माणसालाही इथे काही होतं याचा पत्ता लागता कामा नये. पत्र्याला नवं भोक नको, डोअर पॅडवर कात्री नको, डॅशबोर्डला करवत नको, मूळ वायर कापून मध्ये जोड नको, जुन्या रंगावर डिंक नको. आधीपासून असलेलं भोक, आधीपासून असलेला बोल्ट आणि आधीपासून असलेलं रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात वायरभोवती बसणारी रबरी कडी) मात्र खुशाल वापरा.

जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हिने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिच्यातही हेच सांगितलं आहे. आवश्यक बदलांनी गाडीची मूळ रचना आणि रूप यांचा मान राखावा, ते शक्यतो परत फिरवता यावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबतच जपून ठेवावेत. आपल्या कामाला याहून जास्त नियम लागत नाहीत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? दोन भोकांनी काय बिघडतं?

ऐंशी-नव्वदच्या दशकांत याच विचाराने हजारो गाड्यांचे डोअर पॅड गोल कापले गेले. कॅसेट डेक आला तेव्हा डॅश कापला, पुढचा डेक मोठा आला तेव्हा भोक वाढवलं, आणि मागच्या ट्रेमध्ये लंबगोल स्पीकर बसवले. एक फियाट डिलाइट मी जवळून पाहिली आहे. तिच्या चारही दारांवर स्पीकरची भोकं होती, आणि पुढच्या उजव्या पॅडवर तर दोन वेगवेगळ्या मापांची, एकात एक सरकलेली. मालकाला त्याच पोताचं, त्याच शिवणीचं रेक्झिन कुठेही मिळेना. नवं रेक्झिन लावलं तर चारही पॅड आणि दोन्ही सीट एकदमच बदलावी लागणार. म्हणजे एका स्पीकरपायी गाडीचं अख्खं मूळ इंटिरिअर गेलं.

पद्मिनीचं उत्पादन थांबून आता दोन दशकं उलटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. न कापलेला डॅश आणि धड डोअर पॅड असलेल्या ज्या गाड्या उरल्या आहेत, त्यांच्यात आता भर पडणार नाही.

सगळ्यात सोपा मार्ग कोणता?

बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा पुढच्या सीटवर मधोमध ठेवा. हे मी मनापासून सांगतो. बऱ्याच जणांची गरज एवढ्यावर भागते. महिन्यातून एखाद्या रविवारी गाडी बाहेर काढत असाल, तर आधी हेच करून बघा. कमी काय पडतं ते दोन-तीन फेऱ्यांत कळेल. बहुतेक वेळा आवाज लहान पडत नाही. खिडक्या उघड्या असताना शब्द विरतात. ते खटकलं तरच पुढच्या तयारीला लागा.

ग्लोव्ह बॉक्सचं झाकण मात्र उघडं ठेवावं लागेल. आणि स्पीकर डॅशबोर्डवर, काचेखाली ठेवू नका. एप्रिल-मेमधल्या उन्हात तिथे त्याची बॅटरी फुगते.

माझ्या गाडीचा डायनॅमो हे ओझं पेलेल का?

स्पीकर निवडण्याआधी हा हिशेब मांडायला हवा. अल्टरनेटर येण्यापूर्वीच्या छोट्या गाड्यांचा डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, जास्तीत जास्त १६ ते २२ ॲम्पिअर देतो, तोही इंजिन चांगलं फिरत असताना. सिग्नलला गाडी मंद चालू असली की जवळजवळ काहीच देत नाही, तेव्हा सगळा भार बॅटरीवर येतो.

आता पावसाळ्यातली रात्र धरा. ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साडेसात ॲम्पिअर. मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरमधले बल्ब मिळून अडीच. इग्निशन कॉइल तीन ते चार. वायपर दोन ते तीन. बेरीज पंधरा ते सतराच्या घरात जाते. २२ ॲम्पिअरचा डायनॅमो असेल तर पाच ते सात उरतात. १६ चा असेल तर जवळजवळ काहीच उरत नाही.

स्पीकर-डेकच्या खोक्यावर “५२ × ४ वॅट” असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते सोडून द्या आणि डेकच्या पाठीमागचा फ्यूज बघा. तो बहुधा १० ॲम्पिअरचा असतो. १० ॲम्पिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे १४० वॅट. आत १४० वॅट जात असतील तर बाहेर २०८ कुठून येणार? सलग मिळणारी खरी ताकद दर स्पीकरला वीस वॅटच्या आसपास असते, आणि गप्पा मारता येतील अशा आवाजात गाणी लावली तर डेक सरासरी एक ते तीन ॲम्पिअरच घेतो. त्यामुळे साधी सिस्टीम बहुतेक गाड्यांना दिवसा सहज झेपते. ओझं होतं ते मोठ्या ॲम्प्लिफायरचं.

ॲम्प्लिफायर घ्यायचाच असेल तर ‘क्लास डी’ जातीचा घ्या. तो घेतलेल्या विजेतला ऐंशी-नव्वद टक्के भाग स्पीकरला देतो. जुन्या पद्धतीचा ‘क्लास एबी’ जवळपास निम्मी वीज उष्णतेत घालवतो.

गाडीच्या वायरिंगला हातच लावायचा नसेल तर?

मग वेगळी बॅटरी ठेवा. हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग आहे आणि विचारणाऱ्या बहुतेकांना मी तोच सुचवतो. १२.८ व्होल्ट, १२ ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी डब्याएवढी असते आणि वजनाला दीड किलोच्या आसपास भरते. तिच्यात साधारण १५० वॅट-अवर साठतात. सिस्टीम सरासरी १५ वॅट घेत असेल तर आठ तास निर्धास्त चालते. जुन्या रस्त्याने, खोपोलीला वडा खाऊन, घाट चढून मुंबईहून पुण्याला जा आणि दुसऱ्या दिवशी परत या, तरी चार्जिंग पुरतं. घरी आल्यावर बॅटरी काढून आणायची आणि तिच्याच चार्जरवर लावायची.

फायदे अनेक आहेत. गाडीची एकही वायर सुटत नाही. डायनॅमोवर ओझं नाही. गाडी ६ व्होल्टची असो की पॉझिटिव्ह अर्थची (ती भानगड पुढे येते), फरक पडत नाही. इंजिनची टिकटिक वायरमधून गाण्यात शिरत नाही. आणि गाणी ऐकत बसल्यामुळे सेल्फ न लागण्याची भीती उरत नाही.

पथ्यंही पाळायची आहेत. बॅटरीत बीएमएस, म्हणजे सुरक्षा सर्किट, असल्याची खात्री करून घ्या. पॉझिटिव्ह टोकाशीच फ्यूज लावा. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधा, कारण ब्रेक लागला की सुटी बॅटरी पुढे झेपावते. इंजिनशेजारी बॉनेटखाली ठेवू नका. उन्हात तापलेल्या गाडीतच ती चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या.

गाडीच्याच बॅटरीवर चालवायचं असेल तर जोड कुठून घ्यायचा?

थेट बॅटरीच्या टोकावरून. मीटरमागच्या वायरींतून “इथूनच घेऊ, जवळ पडतं” म्हणणाऱ्याला थांबवा. चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरचं वेष्टण कडक झालेलं असतं. वाकवलं की भेगा पडतात, आणि मूळ वायर जेवढ्या भारासाठी घातली होती त्यावर आणखी भार चढतो. जुन्या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा अशाच जोडांमुळे.

पॉझिटिव्ह टोकावर गोल लग लावून वायर घ्या आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवा. साध्या सिस्टीमला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १० ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज दूर, गाडीच्या आत बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर विनाफ्यूज राहते. ती पत्र्याला घासली तर वीज तोडणारं काहीच नसतं. वायर आत घेताना नवं भोक पाडू नका. स्पीडोमीटर केबलच्या किंवा मूळ वायरिंगच्या ग्रोमेटशेजारून एक बारीक वायर बहुधा जाते. निगेटिव्हसाठीही वेगळी वायर बॅटरीपर्यंत न्या, म्हणजे अर्थसाठी कुठे रंग खरवडावा लागत नाही.

मूळ वायर चिमटून जोड देणारे ते निळे-लाल प्लास्टिकचे क्लिप वापरू नका. ते वेष्टण कापतात, एखाद-दुसरी तारही तोडतात. फियाटच्या फ्यूज पेटीत टोकदार सिरॅमिक फ्यूज असतात. आजच्या पात्यांच्या फ्यूजमधून जोड काढणारे अडॅप्टर तिथे बसत नाहीत, म्हणून ते कोणी ठोकून बसवायला लागला तर नको म्हणा.

डायनॅमोच्या गाडीत आणखी एक सवय ठेवा. आधी इंजिन चालू करा, मग सिस्टीम. सेल्फ मारताना आणि कटआउट (डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) उघडमिट करताना व्होल्टेजला झटके बसतात. जुन्या बल्बना ते कळतही नाहीत, ब्लूटूथच्या चिपला मात्र झेपत नाहीत.

गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. आजचा डेक लावता येईल?

थेट लावू नका. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत, मॉरिस आणि सुरुवातीच्या अँबेसेडर धरून, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या डेकचं धातूचं कवच, अँटेनाचं बाहेरचं आवरण आणि यूएसबीच्या खाचेचं धातूचं तोंड ही सगळी निगेटिव्हला जोडलेली असतात. उलट-सुलट वायर जोडून डेक चालू झाला तरी त्याचं कवच डॅशच्या पत्र्याला टेकलं की सरळ शॉर्ट. फोनच्या चार्जरची पिन हँडब्रेकला लागली तरी तेच.

दोन सुरक्षित मार्ग आहेत. एक, वर सांगितलेली वेगळी बॅटरी, जिचा गाडीशी काहीही संबंध नाही. दोन, इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून तोडलेला ‘आयसोलेटेड’ डीसी-डीसी कन्व्हर्टर. साधा कन्व्हर्टर चालत नाही. खोक्यावर आयसोलेटेड असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

गाडीचीच पोलॅरिटी फिरवून घ्या, असा सल्लाही मिळेल. ते करता येतं. डायनॅमोला नव्याने दिशा द्यावी लागते, ॲम्पिअर मीटरच्या आणि कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात. पण केवळ गाण्यांसाठी एवढं करू नये असं माझं मत आहे.

६ व्होल्टच्या गाड्यांचंही तसंच. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कित्येक अमेरिकन गाड्या आणि जुन्या विलीस जीप ६ व्होल्टच्या आहेत. तिथे वेगळी १२ व्होल्टची बॅटरी ठेवणं हेच शहाणपणाचं.

स्पीकर बसवायचे कुठे, जर काहीच कापायचं नसेल?

जागा भरपूर असते. पुढची सलग सीट असलेल्या फियाटमध्ये सीटखालची पोकळी ही पहिली पसंती. तिथे एक बसका, बंद लाकडी डबा बसतो, स्पीकरची तोंडं पुढच्या बाजूला, पायांकडे. माप घेताना एक गोष्ट विसरली जाते. माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा खाली येतात. म्हणून कणकेचे चार-पाच उंच गोळे करून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सीटखाली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, सीट जागेवर लावा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला तिच्यावर बसवून खड्ड्यात आदळल्यासारखं जरा दाबून उठायला सांगा. गोळे चेपून जेवढे उरतील, त्याहून डबा दोन बोटं कमी उंचीचा करा. ड्रायव्हरच्या बाजूला डबा पॅडलपर्यंत सरकणार नाही हे पक्कं बघा. मी तर डबा कायम डाव्या अर्ध्यातच ठेवतो.

दुसरी जागा मागच्या काचेखालचा ट्रे. मूळ ट्रेच्या आकाराची १२ मिलिमीटर प्लायची फळी कापा, स्पीकर त्या फळीत बसवा, वरून सीटच्या रंगाचं कापड किंवा रेक्झिन चढवा आणि ती फळी मूळ ट्रेवर नुसती ठेवा. फळीच्या खालच्या अंगाला पातळ फेल्ट लावलं की ट्रेला चरे पडत नाहीत. स्पीकरची पाठ खाली जायला जागा हवी, म्हणून फळीखाली चारही बाजूंनी पट्ट्या देऊन ती उथळ पेटी करा. कमी खोलीचे स्पीकर मिळतात, ते घ्या. फळी मागच्या सीटच्या सांगाड्याला दोन पट्ट्यांनी बांधणं मात्र चुकवू नका. मागच्या प्रवाशांच्या मानेच्या उंचीवर ठेवलेली ही जड वस्तू आहे.

तिसरी जागा डिकी. सीटच्या पाठीमागे स्पीकर ठेवले तर आवाज दबतो, बोल स्पष्ट येत नाहीत. डिकी बॅटरीसाठी आणि ॲम्प्लिफायरसाठी चांगली. ब्लूटूथचा रिसीव्हर मात्र तिथे ठेवू नका. चहूबाजूंनी पत्रा असला की सिग्नल तुटतो. तो सीटखाली ठेवा.

चिकटवायचं म्हणून फोमची दुहेरी पट्टी वापरू नका. काढताना ती जुना रंग सोलून आणते. रबरी मॅटिंगवर डबा सरकू नये म्हणून किचनमधल्या कप्प्यांत घालतो ती जाळीदार रबरी चटई पुरते. वायर बांधताना पट्टीखाली कापडाचा तुकडा घाला.

किती मोठे स्पीकर? सबवूफर लावू का?

पाच किंवा साडेसहा इंची, ४ ओहमचे, ९० डेसिबलच्या वरची संवेदनशीलता असलेले दोन स्पीकर भरपूर झाले. संवेदनशीलता हा आकडा वॅटपेक्षा महत्त्वाचा. तीन डेसिबल जास्त असेल तर तोच आवाज निम्म्या विजेत मिळतो, आणि आपल्याकडे वीजच मोजकी आहे.

सबवूफर मी तरी कोणाला सुचवत नाही. साठच्या वेगात, खिडक्या खाली, इंजिन आणि गिअरबॉक्सचा घरघराट खालच्या पट्टीतच भरलेला असतो. त्यात बास बुडतो, वर डिकीचं झाकण, मागची काच आणि नंबर प्लेट थरथरायला लागतात. जुन्या काचांची रबरी बीडिंग सैल होते. माणसाचा आवाज ज्या मधल्या पट्टीत असतो, साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ, ती स्वच्छ आली पाहिजे. भावगीत, नाट्यपद, जुनी सिनेमाची गाणी यांचा सगळा जीव तिथेच आहे.

दोन स्पीकर वेगवेगळ्या ठिकाणी असले तर स्टिरिओ बिघडेल ना?

बिघडेल, म्हणून सरळ मोनो करा. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असा पर्याय असतो. साठच्या दशकापर्यंतची बहुतेक गाणी मुळात मोनोच ध्वनिमुद्रित झाली आहेत, त्यात काही हरवत नाही. सुरुवातीच्या काही स्टिरिओ रेकॉर्डमध्ये गायक एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात असतात. गाडीत ते फार विचित्र ऐकू येतं, मोनो केलं की सरळ होतं.

गाडीत मूळ रेडिओ आहे, पण बंद. त्याचं पोट रिकामं करून ब्लूटूथ बसवतात म्हणे?

बसवतात, आणि मला ते पाहवत नाही. बाहेरून बटणं तीच दिसतात, पण मूळ यंत्र कचऱ्यात जातं. ते पुन्हा मिळत नाही.

आधी रेडिओ दुरुस्त होतो का ते बघा. बऱ्याचदा वाळलेले कंडेन्सर, मळलेला व्हॉल्यूम आणि तुटलेला डायलचा दोरा एवढंच दुखणं असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सुटे भाग मिळतात, आणि विचारपूस केली तर जुन्या ट्रान्झिस्टरवर हात बसलेले कारागीरही सापडतात. ट्रान्झिस्टरचा रेडिओ असेल तर त्याच्या व्हॉल्यूमच्या टोकाला दोन कंडेन्सरमधून बाहेरचा सिग्नल देता येतो. एक स्क्रीन असलेली वायर मागच्या मूळ फटीतून बाहेर काढायची, फोनचं गाणं त्याच रेडिओच्या स्पीकरमधून येतं. सोल्डरचे दोन डाग काढले की रेडिओ पूर्वीसारखा. त्या स्पीकरचा ऊबदार, थोडा नाकातला आवाज मला नव्या सिस्टीमपेक्षा जास्त आवडतो.

व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर स्वतः उघडू नका. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी आत व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून दोनशेच्या वर व्होल्ट तयार करतात.

रेडिओ दुरुस्त होत नसेल तर तो जागेवर तसाच राहू द्या, आणि नवी सिस्टीम सीटखाली. त्याच्या जागी दुसरा बसवायचाच असेल तर अमेरिकेत दोन दांड्यांचे, जुन्या चेहऱ्याचे नवे रेडिओ मिळतात. आजच्या डेकला १८० × ५० मिलिमीटरची खाच लागते आणि जुन्या डॅशला ती नसते. खाच वाढवायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

एफएमसाठी अँटेना लावावा लागेल. मडगार्डला भोक पाडू का?

नको. मडगार्डच्या भोकातून पाणी आत जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, त्या काळच्या गाड्यांचे रेडिओ मीडियम वेव्हचे. त्यांना लांब दांड्याचा अँटेना लागायचाच. एफएमला पाऊण मीटर वायर पुरते. ती वायर मागच्या ट्रेच्या फळीखाली आडवी पसरा किंवा पुढच्या काचेच्या बीडिंगजवळ आतून सोडा. शहरात स्वच्छ ऐकू येतं. घाटात खरखर होईल, तेव्हा फोनवरची गाणी आहेतच.

इंजिन चालू झालं की गाण्यात टिकटिक येते, वेग वाढवला की शिट्टी. काय करू?

टिकटिक स्पार्कची, शिट्टी डायनॅमोची. आधी सिस्टीम क्षणभर वेगळ्या बॅटरीवर लावून बघा. आवाज गेला तर तो वायरमधून येत होता, राहिला तर हवेतून.

वायरमधून येत असेल तर १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर कंडेन्सर डायनॅमोच्या मोठ्या, ‘डी’ टोकावर आणि दुसरा कॉइलच्या इग्निशन स्विचकडून येणाऱ्या टोकावर लावा. डायनॅमोच्या ‘एफ’ टोकावर किंवा कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकावर लावू नका. एका ठिकाणी रेग्युलेटर बिघडतो, दुसऱ्या ठिकाणी स्पार्क बिघडतो. हे कंडेन्सर मूळ स्क्रूखालीच बसतात.

हवेतून येत असेल तर प्लगला ५ किलोओहमच्या कॅप लावा आणि बॉनेट बॉडीला नीट अर्थ होतंय ना ते बघा. बिजागरीवर रंगाचे थर चढले की बॉनेट तुटक राहतं आणि इंजिनचा सगळा गोंगाट बाहेर सोडतं. आणि हे सगळं करण्याआधी पॉइंट, रोटर आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी तपासा. जास्त टिकटिक म्हणजे कधी कधी इग्निशनच थकलंय याची वर्दी असते.

गाडी घेतली तेव्हाच ट्रे आणि दारं कापलेली होती. आता?

मग ती भोकं वापरा. त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नका. कापलेल्या जागी त्याच मापाचे स्पीकर लावले तर नुकसान वाढत नाही. मूळ पॅड जितके आहेत तितके फेकून न देता माळ्यावर ठेवा. जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात धड पॅडची जोडी दिसली तर लगेच घेऊन ठेवा.

आरटीओची काही अडचण? ‘व्हीए’ नंबर घ्यायचा विचार आहे.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये फेरफार करून मोठी उलथापालथ न केलेली गाडी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. सीटखाली ठेवलेला सुटा डबा यातल्या कशालाच स्पर्श करत नाही. कापलेली बॉडी मात्र तपासणीत प्रश्न उभे करू शकते.

रॅलीत किंवा प्रदर्शनात गाडी परीक्षणासाठी उभी करायची असेल तर आदल्या रात्री सिस्टीम काढून ठेवा.

इन्शुरन्सला कळवायचं का?

गाडीला कायम जोडलेली असेल तर हो. मूळ किमतीत नसलेल्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजसाठी त्यांच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा प्रीमियम भरून त्या पॉलिसीत घेता येतात. बिल जपून ठेवा. सुटा ब्लूटूथ स्पीकर यात येत नाही.

वायरिंगवाल्याला काम सांगताना काय काळजी घ्यायची?

समोर उभे राहा. आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन हुशार असतात, पण त्यांची सवय लवकर मोकळं करून देण्याची. काम सुरू होण्याआधी चार गोष्टी सांगा: ड्रिल लावायचं नाही, मूळ वायर कापायची नाही, स्क्रू फक्त जुन्याच भोकांत, आणि काढलेली प्रत्येक वस्तू माझ्या हातात द्यायची. “साहेब, कळणार पण नाही” असं उत्तर आलं तरी ड्रिल गाडीपासून लांबच ठेवायला लावा. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचं एक टोक सोडवून घ्या.

सगळं बसवून झालं. आता आणखी काही करायचं राहतं का?

वायरी कुठून कुठे गेल्या याचं साधं चित्र कागदावर काढा. फ्यूज कितीचा, कुठे, कुठल्या रंगाची वायर कशाची, एवढं पुरे. काम करताना फोटो काढले असतील तर त्यांच्या प्रिंट सोबत ठेवा. काढलेला स्क्रू, पट्टी, झाकण, मूळ फ्यूज असं सगळं एका पिशवीत घालून वर गाडीचा नंबर लिहा आणि आरसी बुकाच्या फाइलबरोबर ठेवा. गाडी मुलीकडे गेली किंवा विकली, तर ही पिशवी गाडीबरोबरच द्या. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, सीट काढून वायरी बघा. उंदरांना नव्या वायरचं वेष्टण फार आवडतं, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीत ते आधी सीटखालीच येतात.